मँचेस्टरच्या आधी परळ

औद्योगिक क्रांतीचा धडा आला की अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या वर्गांत मँचेस्टर अवतरते: धुराडी, धुके आणि यंत्राखाली सरपटणारी फाटक्या कपड्यांतली गोरी मुले. मुले हळहळतात आणि पान उलटतात. यातल्या कित्येकांचे आजोबा-पणजोबा गिरणगावात भोंग्यावर उठत असत, ही गोष्ट धड्यात येतच नाही.

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत सूतगिरणीची कंपनी काढली. पुढच्या पंचवीस वर्षांत ताडदेव-परळचा परिसर गिरण्यांनी भरला आणि लहान हातांना काम मिळाले. भरलेली बॉबिने काढून रिकामी चढवायची, तुटलेला धागा सांधायचा. बोटे बारीक, मजुरी त्याहून बारीक.

१८८१ चा फॅक्टरी कायदा वर्गात फळ्यावर लिहावा असा आहे. सात वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास बंदी. सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त नऊ तास काम. सात वर्षांचे मूल म्हणजे आजची दुसरी! शिवाय शंभरांहून कमी माणसांच्या कारखान्याला हा कायदा लागूच नव्हता. १८९१ मध्ये किमान वय नऊ झाले आणि चौदापर्यंतच्या मुलांचे तास सातवर आले. त्या काळी जन्मदाखला क्वचितच कुणाकडे असे. त्यामुळे मूल सातचे की नऊचे हे अंगकाठी पाहून ठरवावे लागे.

मात्र नुसती दया शिकवली तर खरा इतिहास हातचा निसटतो. हा कायदा हवा होता कुणाला? सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारख्या सुधारकाला हवा होता आणि मुंबईच्या स्वस्त सुताने हैराण झालेल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांनाही. म्हणूनच अनेक देशी वृत्तपत्रांनी त्याला परकीयांचा डाव ठरवून विरोध केला. त्यांचा संशय निराधार नव्हता. पण त्या संशयाची किंमत सात वर्षांच्या मुलाने मोजावी, हा युक्तिवाद लंगडाच होता. चौदा वर्षांच्या विद्यार्थ्याला हा पेच नीट कळतो. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही.

कामगारांचा स्वतःचा आवाजही याच शहरात उमटला. ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये परळला सभा घेतली आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन दिले: आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, अपघाताची भरपाई. १० जून १८९० रोजी मालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. ज्या रविवारी मुले क्लासला जातात, त्याचा उगम त्यांना ठाऊक नसावा, हे शिक्षणाचे अपयश आहे, मुलांचे नव्हे.

हा धडा १८९१ ला संपवणेही सोयीचेच. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सरसकट बंदी घातली, तरी दोन दारे उघडी ठेवली. शाळेनंतर वा सुट्टीत घरच्या धंद्याला, तो धोकादायक नसेल तर, मदत करण्यास मुभा आहे. दुसरे दार बालकलाकारांचे: नियमानुसार दिवसाला पाच तासांपर्यंत, आणि विश्रांतीवाचून सलग तीनपर्यंतच. अंधेरीच्या एखाद्या वर्गात मालिकेत काम करणारी मुलगी आणि संध्याकाळी वडिलांच्या वडापावच्या गाडीवर उभा राहणारा मुलगा एकाच बाकावर बसलेले असू शकतात. १८८१ चे नऊ तास फळ्यावर लिहिल्यावर पहिला प्रश्न त्या बाकावरून येऊ द्यावा.