रंगाचा बेरंग

औषधांच्या दुकानांतून अलीकडे हळदीच्या गोळ्या विकावयास असतात. आजीच्या फडताळातले हळकुंड काचेच्या कपाटात जाऊन बसले आणि त्याबरोबर त्याची किंमतही शहाणी झाली. या गोळ्यांनी स्मरणशक्ती वाढते, उतारवयातील स्मृतिभ्रंश टळतो, असे कोणी छापून सांगतो, कोणी नुसते सुचवितो. हळदीविषयी गोमंतकीयांना विशेष आपलेपणा वाटावा असे कारणही आहे. जखम भरून काढण्याच्या तिच्या गुणावर अमेरिकेने १९९५ मध्ये दिलेले पेटंट भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने लढून १९९७ मध्ये रद्द करविले, तेव्हा परिषदेच्या प्रमुखपदी मूळचे माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर होते. हा अभिमान रास्तच आहे. तथापि हळद आपली, म्हणून तिच्याविषयीचे प्रत्येक विधान खरे, असे मात्र होत नाही.

वनस्पतींमधील रंगद्रव्यांचा मेंदूशी काहीच संबंध नाही, असे आमचे म्हणणे नाही. पालेभाज्यांत हिरव्या रंगाआड दडलेले ल्युटीन हे पिवळे द्रव्य मानवी शरीराला स्वतः तयार करता येत नाही. ते अन्नातूनच यावे लागते आणि डोळ्याच्या पडद्यावर, तसेच मेंदूतही साठते. ते स्निग्ध पदार्थात विरघळते. तेव्हा भाजीवर ओले खोबरे पेरण्याची आपली रीत केवळ चवीची नव्हे. जांभळाचा जांभळा आणि भिरंडांचा तांबडा रंग अँथोसायनिन या गटातला. याच गटाने भरलेली ब्ल्यूबेरी व स्ट्रॉबेरी अधिक खाणाऱ्या वृद्ध परिचारिकांची बुद्धी इतरांच्या तुलनेत अडीच वर्षांपर्यंत उशिरा मंदावली, असे सोळा हजारांवर स्त्रियांच्या पाहणीत आढळल्याचे २०१२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. पण फळे आवडीने खाणारी माणसे बहुधा चालतातही अधिक आणि स्वतःला जपतातही अधिक. त्यातले श्रेय फळाच्या रंगाला किती द्यावयाचे, हे अशा पाहणीतून ठरत नाही.

ते ठरविण्यासाठी काहींना गोळी आणि काहींना तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी देऊन पाहावे लागते. ल्युटीनचा असा प्रयोग साडेतीन हजारांहून अधिक वृद्धांवर पाच वर्षे झाला. २०१५ मध्ये निष्कर्ष आला, तो बुद्धीवर लक्षणीय परिणाम नाही असा. हळदीतील कर्क्युमिनची कथा अधिक बोधप्रद आहे. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात सहज शोषले जाईल असे खास तयार केलेले कर्क्युमिन दीड वर्ष घेणाऱ्यांची स्मरणशक्ती सुधारली, असे २०१८ मध्ये जाहीर झाले. जाहिराती लिहिणाऱ्यांना एवढे पुरेसे होते. प्रयोगात माणसे अवघी चाळीस होती आणि त्याच विद्यापीठात अल्झायमरच्या रुग्णांना कर्क्युमिन देऊन काही उपयोग झाला नाही असे २०१२ मध्येच नमूद झाले होते, हे जाहिरातीत सांगण्याचे कारण नव्हते. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन असते शेकडा तीनच्या आसपास आणि पोटातून रक्तात उतरते ते त्याहून कितीतरी थोडे. हळद आमटीत घालावी. तिच्याकडून बुद्धीची हमी मागू नये.

रंगामुळे बुद्धी वाढते की नाही, यावर वाद चालू राहील. रंगामुळे बुद्धी खुंटते, याबद्दल मात्र शंका उरलेली नाही, आणि त्याविषयी आपल्याकडे कोणी फारसे बोलत नाही. लेड क्रोमेट हे शिशाचे पिवळेधमक संयुग रंगकामासाठी बनते. हळद उजळ दिसावी म्हणून ते तिच्यावर चढविले जाते. शिसे मुलांच्या वाढत्या मेंदूवर घाला घालते. ते किती प्रमाणात निर्धोक, याची सीमा वैद्यकशास्त्राला सापडलेली नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पाटण्यातील काही हळदीत शिसे आपल्या कायद्याच्या मर्यादेच्या शंभरपटींहून अधिक निघाले. अख्खे हळकुंड आणून घरी दळले म्हणजे सुटलो, असेही नाही. बांगलादेशात हा रंग हळकुंडांना चकाकी आणतानाच चोळला जात असे. पुराने भिजून काळवंडलेला माल खपविण्यासाठी १९८० च्या दशकात ही युक्ती निघाली असे तेथील व्यापारी सांगत. आणि गिऱ्हाईक अधिक पिवळी तीच हळद चांगली समजत राहिले, म्हणून ती टिकली. हा दोष आपल्याही पदरात आहे.

त्याच बांगलादेशाने काय केले, हे आपल्या राज्यकर्त्यांनी पाहावे. २०१९ मध्ये तेथील बाजारातल्या हळदीच्या जवळजवळ निम्म्या नमुन्यांत शिसे होते. सरकारने जाहीर इशारे दिले, बाजारात जागच्या जागी तपासणी केली, व्यापाऱ्यांना दंड केले. २०२१ मध्ये असा एकही नमुना सापडला नाही. दोन वर्षांत हे झाले, आणि श्रीमंत देशात झाले नाही.

मेटॅनिल यलो या बंदी असलेल्या रंगाने उंदरांच्या मेंदूतील रसायनांत आणि शिकण्याच्या क्षमतेत बिघाड होतो, हे बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील संशोधकांनी १९९३ मध्येच दाखविले होते. परवानगी असलेले रंगही सारेच निष्पाप नाहीत. काही कृत्रिम रंग व सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणाने मुलांची चंचलता वाढते, असे इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे २००७ मध्ये आढळले. तेव्हा युरोपीय संघाने २०१० पासून अशा सहा रंगांच्या वेष्टनावर इशारा छापणे सक्तीचे केले. आपल्याकडे २०२४ च्या आरंभी म्हापसा नगरपालिकेने कृत्रिम रंग व अस्वच्छता यांचे कारण देऊन गोबी मंचुरियनविरुद्ध मोहीम उघडली. हेतू चांगला होता. पण पदार्थावर बंदी घातली म्हणून रंग गावाबाहेर जात नाही. तो जत्रेतल्या खाज्याशेजारच्या मिठाईत आणि लाडवांत जाऊन बसतो. शिवाय शिशाची हळद कोणत्याही गाड्यावर नसते, ती घरातल्या डब्यात असते.

गोव्यात लागणारा मसाला मोठ्या प्रमाणावर घाटापलीकडून येतो, म्हणून तपासणी विक्रीच्या जागीच व्हावयास हवी. अन्न व औषध प्रशासनाने चवथीच्या आधी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून, मडगाव, फोंडा, डिचोली व काणकोण येथून सुट्या आणि पाकीटबंद हळदीचे नमुने उचलावेत. शाळांना मध्यान्ह आहार पुरविणाऱ्या स्वयंसाहाय्य गटांकडील हळद व तिखट सर्वांत आधी तपासावे. तेथे एका डब्यातली हळद शेकडो मुलांच्या पोटात जाते. निकाल फाइलीत न ठेवता कोणत्या बाजारात किती नमुने तपासले, किती नापास झाले आणि ते कोणाचे, हे नावानिशी जाहीर करावे. त्या यादीसाठी या पत्रात जागा हवी असेल तेव्हा आम्ही ती देऊ.