पेट्रोलचे पैसे कुणाचे उत्पन्न?

गेल्या महिन्यात एका दुपारी, केंद्रात कुणी नसताना, आमची एक कार्यकर्ती माझ्यासमोर वही उघडून बसली. एरवी ती दुसऱ्या बायकांच्या केसेस घेऊन येते. त्या दिवशी केस तिची स्वतःची होती. तीन मायक्रोफायनान्स कंपन्यांची कर्जे आणि महिन्याला ८,१०० रुपयांचे हप्ते. दोन हप्ते चुकल्यापासून वसुलीवाले दारात येऊन बसू लागले होते. तिने विचारले, "ताई, मोठ्या शेटजींचं दिवाळं निघतं, मग ते मोकळे होतात. आपल्यासारखीला नाही का काढता येत?"

प्रश्न तिने हसत विचारला, पण मला हसता आले नाही. 'दिवाळे' हा शब्दच आपल्याकडे पेढीवरच्या पुरुषाचा. बाई कर्जबाजारी झाली तर तिने अंगावरचे विकावे, माहेरी हात पसरावा, नाहीतर विहीर जवळ करावी, अशीच समजूत. कायद्याने कर्जातून सुटण्याची वाट तिच्यासाठी असू शकते, हे आपल्या शिबिरांतही आपण कधी बोललेलो नाही. म्हणून मी कायदा काढून बसले, आणि दोघींनी मिळून तिच्या उत्पन्नाची बेरीज करायला घेतली. ती बेरीज पहिल्याच ओळीत अडली.

ही बाई आशा कार्यकर्त्यांची गटप्रवर्तक आहे. गावोगाव जाऊन आशांच्या कामावर देखरेख करायची, नोंदी तपासायच्या, अहवाल द्यायचे. केंद्र सरकारने २०१८ साली गटप्रवर्तकांना दर भेटीमागे मिळणारी रक्कम २५० वरून ३०० रुपये केली. महिन्याला साधारण वीस भेटी, म्हणजे ६,००० रुपये. राज्याने वेळोवेळी घातलेली भर वेगळी. हिशेब सोपा राहावा म्हणून आम्ही ती बाजूला ठेवली. भेटीमागे पैसे म्हणजे काय? गाडी काढायची, पेट्रोल घालायचे, जायचे, यायचे, आणि त्याच पैशात दिवसभराचे कामही करायचे. शिवाय आमच्या सल्ला केंद्राचे १,८०० रुपये. वहीत तिचा खर्च लिहिलेला होता: पेट्रोल २,७००, मोबाइलचा रिचार्ज ३००, झेरॉक्स आणि चहापाणी ३००. एकूण ३,३००. टायर, सर्व्हिसिंग धरलेले नाही. म्हणजे हातात येतात ७,८०० आणि घरी पोचतात ४,५००.

आता यातले उत्पन्न कोणते?

तिसरे कर्ज देताना कंपनीच्या माणसाने हे ठरवून टाकले होते. नवऱ्याची मजुरी ९,००० आणि हिचे ७,८००, मिळून १६,८००. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनी मायक्रोफायनान्ससाठी अशी मर्यादा घातली की, घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत. बाईला कर्जात बुडवू नये म्हणून घातलेली ही मर्यादा. १६,८०० चे निम्मे ८,४००; तिचे हप्ते ८,१००; कागद चोख. पण कामावर खर्च होणारे ३,३०० वगळले असते तर घराचे उत्पन्न १३,५०० आणि मर्यादा ६,७५० झाली असती. आधीच्या दोन कर्जांचे हप्ते ६,२०० होते. १,९०० च्या हप्त्याचे तिसरे कर्ज त्यात बसलेच नसते. ते तिला मिळाले पेट्रोलच्या पैशांच्या जोरावर, आणि पेट्रोल तर केव्हाच जळून गेले होते.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. त्या माणसाने ७,८०० मध्ये आमचे १,८०० धरले ते आमच्याच कागदावरून. आमच्या संस्थेच्या व्हाउचरवर वर्षानुवर्षे एकच ओळ असे: 'मानधन व प्रवासखर्च'. दोन्ही एकत्र, एक आकडा, एक सही. ऑडिटरला ते सोपे, आम्हालाही सोपे. मानधन किती आणि प्रवास किती, हे विचारायला कुणी येईल असे वाटलेच नाही. मालकवर्गाच्या हिशेबावर आपण इतके लिहिले, पण आपल्या ऑफिसातल्या कपाटातली व्हाउचरची पुस्तके उघडून पाहिली नाहीत.

कायद्याला हा फरक ठाऊक नाही असेही नाही. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने प्रवासभत्ता आणि कामाच्या स्वरूपामुळे करावा लागणारा खास खर्च भागवायला दिलेली रक्कम, दोन्ही वेतनातून वगळली होती. २०१९ च्या वेतन संहितेतही हे खर्च वगळले आहेत; उलट, वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेल्या तर वरची रक्कम वेतनात धरावी, अशी तजवीज तिथे आहे, म्हणजे मालकाने सगळा पगार भत्त्यात लपवू नये. पण हे सारे कामगारासाठी. आशा आणि गटप्रवर्तक सरकारदरबारी 'स्वयंसेविका'. पगार मागायला गेल्या की त्यांना सांगितले जाते, हे वेतन नव्हे, भेटीचा मोबदला आहे. आणि कर्ज द्यायला आलेला माणूस तेच पैसे मासिक उत्पन्न म्हणून लिहून घेतो. भविष्यनिर्वाह निधी मागितला तर तो खर्च असतो आणि हप्ता बसवताना ती कमाई होते.

कर्जमुक्तीच्या दारात तर हा हिशेब आणखी अंगाशी येतो. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत लहान कर्जदारासाठी 'फ्रेश स्टार्ट', म्हणजे नव्याने सुरुवात, नावाची प्रक्रिया लिहिलेली आहे. ज्याचे ढोबळ वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपेक्षा जास्त नाही, मालमत्ता २०,००० च्या आत, पात्र कर्ज ३५,००० च्या आत आणि स्वतःच्या मालकीचे घर नाही, त्याने अर्ज करावा, छाननी व्हावी आणि ती कर्जे माफ व्हावीत. 'ढोबळ' शब्दाकडे लक्ष द्या. खर्च वजा न करता. कामाच्या खर्चाची भरपाई त्यात धरायची की नाही, हे संहितेच्या व्याख्यांत सांगितलेले नाही. गटप्रवर्तकाचे नुसते भेटींचे पैसे घेतले तरी वर्षाचे ७२,००० होतात. दुसरा छदाम मिळाला नाही तरी ती मर्यादेबाहेर. तिचे खरे हातात उरणारे ४,५०० घेतले तर वर्षाचे ५४,०००, म्हणजे मर्यादेच्या आत. (कर्जाची ३५,००० ची मर्यादा तिने केव्हाच ओलांडली आहे, हे खरे. ती मर्यादाही किती तोकडी, यावर वेगळे लिहावे लागेल. दागिन्यांबद्दल मात्र कायदा हळवा आहे: धार्मिक रूढीप्रमाणे अंगावरून काढता येत नाहीत असे दागिने ठराविक किमतीपर्यंत मालमत्तेत धरत नाहीत. मंगळसूत्राची काळजी घेतली, पेट्रोलची नाही.)

आणि ही प्रक्रिया तरी कुठे चालू आहे? संहितेचा व्यक्तींविषयीचा भाग डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. साध्या कर्जदार बाईसाठीची कलमे कागदावरच राहिली. तिच्यासाठी आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. त्यात उत्पन्नाची अशी मर्यादा नाही, पण जिल्हा न्यायालय, वकील, रिसीव्हर, मग कर्जातून मुक्त होण्यासाठी पुन्हा वेगळा अर्ज. रोज हजेरी असलेल्या बाईने हे कसे करावे?

दुसरीकडे हे कसे मोजतात म्हणून मी वाचत गेले. अमेरिकेत २००५ साली दिवाळखोरीचा कायदा कडक झाला आणि अर्जदाराच्या उत्पन्नाची चाचणी आली. अर्जाच्या आधीच्या पूर्ण सहा महिन्यांची सरासरी काढायची, त्यावरून येणारे वार्षिक उत्पन्न त्या राज्यातल्या तेवढ्याच कुटुंबाच्या मध्यम उत्पन्नाशी ताडायचे. खाली असाल तर कर्ज पुसण्याची वाट बरीच मोकळी. वर असाल तर खर्चाची आणखी छाननी, आणि कित्येकदा पाच वर्षे फेडीचा हप्ता. उत्पन्न म्हणजे सर्व मार्गांनी मिळालेले, त्यावर कर लागो न लागो.

म्हणजे आपलाच प्रश्न. घरोघर जाऊन म्हाताऱ्या-आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या तिथल्या बायका एका घरून दुसऱ्या घरी स्वतःच्या मोटारीने जातात, आणि मालक मैलामागे पैसे देतो. बिले वेळेत दिली आणि उरलेले परत केले तर करखात्याच्या लेखी ती भरपाई वेतन ठरत नाही, पगाराच्या वार्षिक दाखल्यातही येत नाही. मालकाने हिशेब न मागता ठोक रक्कम दिली तर ती पगारातच मोजली जाते. पण दिवाळखोरीच्या व्याख्येला कर लागतो की नाही याच्याशी कर्तव्य नाही. म्हणून तो पैसा मालकाचाच होता, आपल्या हातून फक्त पुढे गेला, हे बाईला बिलांनिशी दाखवावे लागते. मागची साठलेली बिले मालकाने त्या सहा महिन्यांत एकदम चुकती केली तर सरासरी फुगते. आपल्या आशांचे थकलेले पैसे तीन-चार महिन्यांचे एकदम जमा होतात, ते इथे आठवावे. मला सगळ्यात खुपले ते हे: त्याच चाचणीच्या फॉर्मवर स्वतःचा धंदा असलेल्याला धंद्याचा खर्च वजा करायला ओळ दिली आहे. पगारदाराच्या ओळीत तशी वजाबाकी नाही.

कायद्याच्या प्राध्यापक एलिझाबेथ वॉरन यांनी २००२ साली हार्वर्डच्या स्त्रीविषयक कायद्याच्या नियतकालिकात असा सवाल केला होता की, बाईचा प्रश्न म्हणजे नेमका कोणता, आणि दिवाळखोरी त्यात का येत नाही. आपणही हुंडा, मारहाण, पोटगी यांवर कायदे घडवून घेतले. कर्जाचा कायदा बँकवाल्यांवर सोडला. सल्ला केंद्रात येणाऱ्या मारहाणीच्या किती केसेसमध्ये हप्त्याचे कार्ड असते, ते आपण नोंदवतही नाही.

तेव्हा मागणी करायची तर ती आत्ता. फ्रेश स्टार्टची कलमे कधीतरी लागू होतील, त्यांचे नियम लिहिले जातील. त्या नियमांत कामाच्या खर्चाची भरपाई ढोबळ उत्पन्नातून वगळली पाहिजे, आणि २०१६ साली घातलेले आकडे वाढवून घेतले पाहिजेत. आशांच्या संघटनांनी भेटीच्या पैशातला प्रवासखर्च वेगळा आणि कामाचा मोबदला वेगळा, असे दोन रकाने मागावेत. काही जणींना भीती वाटते की फोड केली तर मोबदला किती फुटकळ आहे ते उघडे पडेल. माझ्या मते ते उघडेच पडायला हवे.

कर्ज घेताना उत्पन्नाच्या फॉर्मवर सही करण्याआधी आकडा वाचा, आणि कामाचा खर्च वेगळा लिहायला लावा. किलोमीटरची वही ठेवा. पेट्रोलची चिठ्ठी कोरड्या जागी ठेवा, शाई उडते. महिन्यातून एकदा झेरॉक्स काढा. गटातल्या बायकांनी हेही ध्यानात घ्यावे की फ्रेश स्टार्टमध्ये एकीचे कर्ज माफ झाले तरी तिला जामीन राहिलेली दुसरी सुटत नाही.

आमच्या कार्यकर्तीसाठी तिन्ही कंपन्यांना पत्रे गेली आहेत: उत्पन्न फुगवून धरले, हप्ते पुन्हा बसवा. एकीने बोलावणे पाठवले आहे, दोघींकडून उत्तर नाही. वसुलीवाला गुरुवारी येतो, म्हणून गुरुवारी आमच्यातली एकजण तिच्याकडे बसायला जाते. संस्थेने नवी व्हाउचर-पुस्तके छापून घेतली. त्यात मानधनाचे पान वेगळे, खर्चाचे वेगळे. पहिले पान तिनेच भरले: सल्ला केंद्र, जाऊन-येऊन ४४ किलोमीटर, पेट्रोल १०० रुपये. मानधनाच्या पानावर काय लिहायचे हे तिने विचारले, तेव्हा १,८०० मधून केंद्राच्या आठ खेपांचे पेट्रोल वजा करून आम्ही आकडा काढला. तो १,००० निघाला. पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच आहे.