लेकरू कोण सांभाळतं, हे पावतीवर दिसू द्या



रिटर्नचा सिझन आला की एक प्रश्न हळू आवाजात येतो. "सर, आमचं लग्न झालेलं नाही, पण लेकरू दोघांचं आहे. टॅक्समध्ये त्याची सूट कुणाला?" कुणी विभक्त असतं, कुणी एकटी आई असते. लोक विचारायलाच लाजतात. लाजू नका, हा हिशोबाचा प्रश्न आहे.

आधी एक गैरसमज काढू. अमेरिकेतले व्हिडिओ बघून लोकांना वाटतं की मूल "दाखवलं" की टॅक्स कमी होतो. तिथं तसं आहे. आई-बाप लग्नाचे नसले तर एका वर्षी एकालाच ते मूल दाखवता येतं, आणि दोघांनी दावा केला तर वर्षात जास्त दिवस मूल ज्याच्याकडे राहिलं त्याचा हक्क आधी. आपल्याकडे मूल आहे म्हणून सरसकट सूट नाहीच. आपल्याकडे सूट मिळते ती खर्चावर, आणि तो खर्च ज्यानं केला त्याला.

जुन्या पद्धतीत काय मिळतं?

1961 च्या कायद्यातले ओळखीचेच आकडे सांगतो. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा कायदा आलाय, त्यात कलमांचे नंबर बदललेत.

- 80सी : दोन मुलांपर्यंतची ट्यूशन फी, एकूण दीड लाखाच्या मर्यादेत. आई-बापाचं लग्न झालेलं असावं अशी अट यात लिहिलेली नाही. दोघं कमावत असतील तर ज्यानं जेवढी भरली, तेवढी त्यानं दाखवावी. एकच पावती दोघांनी लावायची नाही.
- 80डी : अवलंबून असलेल्या मुलांचा आरोग्य विम्याचा हप्ता. रोखीनं भरला तर सूट गेली.
- 80ई : मुलाच्या उच्च शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाचं व्याज. कर्ज ज्याच्या नावावर आणि व्याज जो भरतो, त्याला.

आता लातूरकरांसाठी महत्त्वाचं. आपल्या गावात शाळेपेक्षा क्लासची फी मोठी असते. पण 80सी मध्ये शाळा-कॉलेजच्या पूर्णवेळ शिक्षणाचीच ट्यूशन फी चालते. खासगी क्लास, हॉस्टेल, डोनेशन यातलं काहीच चालत नाही.

खरी गडबड गल्ल्यातून होते

ताई गल्ल्यातून रोख काढून फी भरते आणि पावतीवर बापाचं नाव पडतं. वर्षभर राबली ही, आणि कागदावर सांभाळणारा तो! म्हणून फी स्वतःच्या बँक खात्यातून किंवा यूपीआयवरून भरा. पावतीवर "यांच्याकडून मिळाले" इथं स्वतःचं नाव लिहून घ्या. धंद्याच्या खात्यातून गेली असेल तर ती घरखर्चाची उचल म्हणून लिहा, दुकानाचा खर्च म्हणून नको.

कागदाच्या बाबतीत कायदा तुमच्या बाजूनं आहे. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात विवाहबाह्य मुलाची पहिली नैसर्गिक पालक आईच आहे. 2015 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पालकत्वाच्या अर्जासाठी अविवाहित आईवर बापाचं नाव उघड करण्याची सक्ती नको. डिसेंबर 2018 पासून आई एकल पालक असेल तर पॅनच्या अर्जात बापाचं नाव बंधनकारक नाही. आणि बाप जबाबदारीतून सुटत नाही : लग्नाचं असो-नसो, लेकराची पोटगी त्याला द्यावीच लागते. ती दिली म्हणून त्याला टॅक्समध्ये वजावट मात्र मिळत नाही.

लेकराच्या नावावर एफडी?

"मुलाच्या नावावर टाकू, टॅक्स वाचेल," हा सल्ला बाजारात फुकट मिळतो. अज्ञान मुलाचं व्याज आई-बापाच्याच उत्पन्नात धरलं जातं. लग्न टिकून असेल तर ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात, टिकून नसेल तर जो मुलाला सांभाळतो त्याच्यात. म्हणजे एकट्या आईच्या नावावर हे व्याज चढतं, एफडी बापानं केलेली असली तरी! मुलानं स्वतःच्या कष्टानं किंवा कलेनं कमावलं तर ते वेगळं.

आता माझं मत

2023-24 पासून नवी कररचना आपोआप लागू होते. तिच्यात 80सी, 80डी, 80ई काहीच नाही. 2025-26 पासून 12 लाखांपर्यंत टॅक्स शून्य, त्यामुळे आपल्यातल्या बहुतेकांना तीच परवडते. पण 12 लाखांच्या वर गेलेल्या एकट्या आईला आणि तेवढंच कमावणाऱ्या सड्या माणसाला सारखाच टॅक्स लागतो, हे मला पटत नाही. 1950 च्या दशकात याच देशात मुलांमागे करमाफीची मर्यादा वाढायची, पण ती विवाहितांसाठी. तीच सोय आज परत आणा, आणि लग्नाचा दाखला न विचारता जो लेकरू सांभाळतो त्याला द्या. मागणी एवढीच आहे.

ती मान्य होईल तेव्हा होईल. तोपर्यंत दोन्ही रचनांचा हिशोब मांडून बघा. धंदेवाल्यांनी घाई करू नका : नवी सोडून जुनीत गेलात तर परत नवीत एकदाच येता येतं, मग धंदा चालू असेपर्यंत जुनीचं दार बंद. सीएकडे जाताना फीच्या पावत्या आणि बँक स्टेटमेंट सोबत न्या. आणि घरची परिस्थिती त्यांना स्पष्ट सांगा, लपवून हिशोब बरोबर येत नाही.