भोवळ हे नशीब नव्हे



परवा वस्तीतल्या बैठकीतून उठताना एका ताईंना भोवळ आली. "बाईमाणसाला चालायचंच," शेजारीण म्हणाली. मीही इतकी वर्षं साखरपाणी देऊन मोकळी होत आले. या वेळी विचारलं. मधुमेहाची गोळी घेतलेली, वर नवरात्राचा उपास! रक्तातली साखर ७० च्या खाली गेली तर घाम फुटतो, अंधारी येते.

रक्तदाबाच्या गोळ्यांनीही झटकन उठताना दाब उतरू शकतो. शिवाय रक्तक्षय आहेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत तो आढळला.

भोवळ कधी आली, पोटात काय होतं, गोळी कोणती, हे लिहून घेऊन गटातल्या कुणीतरी तिच्यासोबत दवाखान्यात जावं. गोळी मनाने बंद करू नये. सगळ्यांना वाढून उरलेलं खाणं मात्र आजच बंद करावं.