सगळीच कावीळ उतरवून उतरत नाही



भाताची पाने पिवळी पडली की तुम्ही विचारता, "साहेब, कोणतं खत टाकू?" आम्ही लगेच खताचे नाव सांगत नाही. पिवळेपणा जुन्या पानांवर आहे की नव्या, खाचरात पाणी तुंबले आहे का, खोडात कीड आहे का, हे आधी पाहतो. नत्र कमी पडले तरी पान पिवळे आणि मुळे कुजली तरी पिवळेच. पिवळेपणा ही रोगाची खूण आहे, रोग नव्हे. माणसाचे डोळे पिवळे झाले म्हणजे मात्र आपण एवढी चौकशी करत नाही. कावीळ म्हटली की पाल्याचा रस, गळ्यात माळ आणि पथ्य.

मागच्या पावसाळ्यात दाभोळजवळच्या एका वाडीत गेलो होतो. लावणी जोरात होती. एक ओळखीचे शेतकरी बांधावर येऊन म्हणाले, "साहेब, घरच्या मंडळींना कावीळ झाल्ये. तीन आठवडे एरंडाचा रस चालू आहे, उतार नाही."

मी विचारले, "भाऊ, ताप येतो का?"

"रात्री हुडहुडी भरून येतो. अंगाला खाज सुटते. उजव्या कुशीत कळ येते."

"आणि परसाकडे कशी होते?"

ते जरा संकोचले. मग म्हणाले, "पांढरी, मातीसारखी."

मी म्हटले, "मी डॉक्टर नाही. पण लावणी राहू द्या, आजच्या आज यांना दवाखान्यात न्या."

पुढची हकिगत सांगण्याआधी शरीरातली वाट समजून घेऊ. छातीत जळजळले की आपण 'पित्त झाले' म्हणतो. ते जठरातले आम्ल. खरे पित्त यकृतात तयार होते, दिवसाला सुमारे अर्धा ते एक लिटर. ते पित्ताशयाच्या पिशवीत साठते आणि जेवण झाले की पित्तनलिकेच्या पाटाने आतड्यात उतरते. पिशवीत कधी कधी खडे धरतात. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हे प्रमाण जास्त. त्यातला एखादा खडा नलिकेच्या तोंडाशी अडकला की पाट तुंबतो. पित्त रक्तात चढते, डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, खाज सुटते. पित्ताचा रंग आतड्यात न पोचल्यामुळे शौचास पांढरट होते. तुंबलेल्या पाण्यात घाण व्हावी तसा नलिकेत जंतुसंसर्ग झाला, तर थंडीताप येतो. कावीळ, थंडीताप आणि पोटातली कळ हे त्रिकूट फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी 1877 साली लिहून ठेवले. ते दिसले की जिवाला धोका समजावा.

दूषित पाण्यातून होणारी कावीळ वेगळी. ती बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला जाते. खड्याची कावीळ माळेने उतरत नाही. उलट, भलत्या पाल्याच्या रसाने यकृताला इजा होऊ शकते.

दापोलीत त्या बाईंची सोनोग्राफी झाली. पिशवीत खडे दिसले, नलिका फुगलेली दिसली. पण नलिकेचे खालचे टोक दिसेना. आपल्या लाँचवर मासे शोधण्याचे यंत्र असते. ते पाण्यात आवाज सोडते आणि परत आलेल्या आवाजावरून पडद्यावर चित्र उमटवते. सोनोग्राफीचे तत्त्व तेच. मात्र आतड्यातल्या वायूतून हा आवाज नीट पार होत नाही आणि नलिकेचे टोक नेमके आतड्याआड असते.

यावर उपाय म्हणून 1980 च्या सुमारास अमेरिका आणि जर्मनीतील डॉक्टरांनी सोनोग्राफीचे यंत्र दुर्बिणीच्या टोकालाच बसवले. याला एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड म्हणतात. गुंगीचे औषध देऊन दुर्बीण तोंडावाटे लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेतात. तिथून पित्तनलिका अगदी लगत असते, त्यामुळे मोहरीएवढा खडाही सहसा सुटत नाही. मुंबईत त्या बाईंचा खडा असाच सापडला. त्याच बैठकीत ई.आर.सी.पी. करून, म्हणजे दुर्बिणीतून नलिकेचे तोंड रुंद करून, तो काढला. पुढे पिशवीही काढली, कारण ती ठेवली तर पुन्हा खडा उतरण्याची भीती असते. कापणीला बाई खळ्यावर होत्या.

आधी पाहण्याचा आणखी एक फायदा आहे. ई.आर.सी.पी.नंतर शंभरातल्या तीन ते दहा जणांच्या स्वादुपिंडाला सूज येते. नलिका मोकळीच आहे असे दिसले, तर तो धोका पत्करावा लागत नाही.

हेच यंत्र आता उपचारही करते. पूर्वीच्या ऑपरेशनमुळे वाट बदललेली असेल, किंवा ई.आर.सी.पी. साधली नाही, तर पडद्यावर पाहत जठराच्या किंवा आतड्याच्या भिंतीतून सुई घालून तुंबलेले पित्त वाटेला लावता येते. फ्रान्सचे डॉ. जिओव्हानिनी यांनी 2001 साली हे करून दाखवले. पित्ताशय सुजले आहे, पण वय किंवा हृदयविकारामुळे ऑपरेशन झेपणार नाही, अशा माणसाला डमरूच्या आकाराची धातूची नळी बसवून पित्ताशयातला पू आतड्यात काढता येतो. मात्र कर्करोग नसलेल्या आजारात ही पहिली वाट नव्हे. रक्तस्राव होणे, पित्त पोटात झिरपणे असे धोके आहेत. म्हणून ती सरावलेल्या हातांनीच करावी. असे हात आपल्याकडे आहेत. दुर्बिणीच्या उपचारांसाठी नावाजलेले मुंबईचे डॉ. अमित मायदेव यांना 2013 साली पद्मश्री मिळाली.

तेव्हा एवढे ध्यानात ठेवा. डोळे पिवळे दिसले की पहिल्या आठवड्यातच रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या. थंडीताप किंवा कळ असेल, तर रात्र काढू नका. 108 ला फोन करा. गरोदर बाईची कावीळ कोणतीही असो, एक दिवसही थांबू नका. दुर्बिणीच्या तपासणीला उपाशीपोटी जावे लागते. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. खर्चासाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर न्या आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

त्या बाईंनी तीन आठवडे वाट पाहिली, त्याला लावणी हेही एक कारण होते. घरातली बाई आपले दुखणे कामापायी मागे ढकलते. तिचे डोळे पिवळे दिसले, तर ते घरच्यांनीच आधी पाहायला हवे.