दोन हजार तास कोणाला परवडतात?

चंदीगडच्या सेक्टर 31 मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी सरकारी पुनर्वसन संस्था आहे. तिथे विशेष शिक्षणातली बी.एड. करता येते. पदवी पंजाब विद्यापीठाची, संस्था सरकारी म्हणून आरक्षण लागू, आणि पुढे भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी. घरातल्या पहिल्या पदवीधराला ही वाट निदान दिसते तरी.

अशाच मुलांसोबत काम करण्याची दुसरी वाट म्हणजे उपयोजित वर्तन विश्लेषण, अर्थात 'एबीए'. मूल काय करतं, कधी आणि कशामुळे करतं याच्या नोंदी ठेवायच्या आणि शाबासकी-बक्षिसाच्या आधारे नवी कौशल्यं शिकवायची, असं हे शास्त्र. त्यातल्या पदव्युत्तर पदवीची फी भरण्याआधी जरा हिशेब मांडू या.

या क्षेत्रातलं सर्वांत नावाजलेलं 'बीसीबीए' प्रमाणपत्र अमेरिकेतलं एक खासगी मंडळ देतं. त्यासाठी पदव्युत्तर पदवी आणि देखरेखीखाली 2000 तास काम लागतं. देखरेख अधिक सघन असेल तर 1500. आठवड्याला 20 तास धरले तरी 2000 तासांना 100 आठवडे लागतात. या कामाला पगार मिळेलच असं नाही. उलट देखरेखीची फी आपल्यालाच भरावी लागू शकते. त्यात 2023 पासून या मंडळाने भारतातून नवे अर्ज घेणंच बंद केलं. मंडळ परकं, त्यामुळे दाद कुठे मागणार?

या वाटेवर जातीची अट कुठेही लिहिलेली नाही. लिहायची गरजही नाही. ज्याला दर महिन्याला घरी पैसे पाठवायचे आहेत, तो दोन वर्षं बिनपगारी कसा राहील? मग मुलासोबत दिवसभर जमिनीवर बसणारी ताई आपल्यातली आणि अहवालावर सही करणाऱ्या मॅडम दुसरीकडच्या, अशी उतरंड तयार व्हायला वेळ लागत नाही.

सही कोणाची, हा फक्त पगाराचा प्रश्न नाही. लोवास यांनी 1987 मध्ये आठवड्याला 40 तासांच्या ज्या उपचाराचे निष्कर्ष मांडले, त्यात शिक्षेचाही वापर होता. आज अनेक स्वमग्न प्रौढ विचारतात, आम्हाला 'नॉर्मल' दिसायला शिकवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? हॉस्टेलमध्ये ज्यांचे उच्चार आणि डबा 'सुधारले' गेले, त्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. म्हणून निर्णयाच्या खुर्चीत आपण हवेत.

2021 च्या संलग्न आरोग्य व्यावसायिक कायद्याच्या अनुसूचीत 'बिहेवियरल अ‍ॅनालिस्ट' हे नाव आहे. आता सरकारी विद्यापीठांत ही पदवी, त्यात आरक्षण आणि प्रशिक्षणाच्या तासांना विद्यावेतन मिळालं पाहिजे. तोवर प्रवेश घेणाऱ्याने तीन गोष्टी लेखी मागाव्यात: नोंदणी कुठे होणार, देखरेख कोण करणार आणि तासांचे पैसे कोण देणार.