सहा महिन्यांचा मंत्र

या आठवड्यात तोच फॉरवर्ड पुन्हा आला, या वेळी सदाशिव पेठेतल्या एका वाचकाकडून. ‘दर सहा महिन्यांच्या आत अमेरिकेला टेकून यायचं, ग्रीन कार्ड सुरक्षित!’ या विषयावर दोन लेख खर्ची घातले होते, ते वाया गेले म्हणायचे.

पुरावा नाही, पण माझा संशय कॅनडातल्या नातेवाइकांवर आहे. त्यांचा नियम खरोखरच दिवस मोजण्याचा आहे. मागच्या पाच वर्षांत ७३० दिवस देशात भरले की पीआर शाबूत. दिवस सलग नकोत, तुकड्यातुकड्यांनी चालतात. कॅनडाचा नागरिक असलेल्या नवऱ्या-बायकोबरोबर परदेशात काढलेले दिवसही धरले जातात. कार्डाची मुदत संपली म्हणून हक्क जात नाही. पासपोर्टवरचे शिक्के समोर ठेवले तर आठवीतला नातूही हिशेब करून देईल.

अमेरिकेत असा आकडाच नाही. तिथला अधिकारी विचारतो ते वेगळंच: घर कुठे, टॅक्स कुठे भरता, मागच्या खेपेला किती राहिलात? १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलात तर नव्याने प्रवेश मागणाऱ्यासारखी तपासणी होऊ शकते. वर्ष उलटलं की परतायला नुसतं कार्ड पुरत नाही. पण त्याच्या आतलं सगळं माफ, असं कुठेही लिहिलेलं नाही. पाच महिने पुणे, तीन आठवडे न्यू जर्सी, पुन्हा पाच महिने पुणे, असं वर्षानुवर्षं चाललं की तुम्ही तिथे राहत नाही, पाहुणे म्हणून जाता, हे कुणालाही दिसतं. त्यात टॅक्स वाचवायला ‘अनिवासी’ म्हणून रिटर्न भरणारे महाभाग आहेतच!

माझं जुनं तुणतुणं वाजवतोच. मुलगा नागरिक झाला की पहिला अर्ज आईबाबांचा. तिथे राहायचंय का, हे त्यांना विचारतं कोण? नातवंडांना भेटून यायला टुरिस्ट व्हिसा पुरतो. पण मग कट्ट्यावर सांगणार काय?

ज्यांना खरंच इकडे जास्त थांबावं लागणार आहे, त्यांनी अमेरिकेत असतानाच रीएंट्री परमिटचा अर्ज करावा. ते सहसा दोन वर्षांचं मिळतं. आणि विमानतळावर कुणी आय-४०७ पुढे केला, तर घाबरून सही करू नका. तो स्वखुशीने हक्क सोडण्याचा फॉर्म आहे. सही नाकारलीत तर प्रकरण इमिग्रेशन न्यायाधीशापुढे जाऊ शकतं, आणि तुम्ही हक्क सोडलात हे तिथे सरकारला सिद्ध करावं लागतं.